स्पॅनिश दुकानांची नावं इंग्रजीत कशी न्यावी?

प्रश्न, दर्यापूर:
स्पॅनिश मजकूर इंग्रजीत करतो आहे. आबार्रोतेस, द्रोगेरिया, एस्तांको, लिब्रेरिया... सगळ्यांना नुसतं 'शॉप' लिहिलं तर चालते का?

उत्तर, पुसद:
नाही भाऊ. आधी मजकूर कोणत्या देशातला ते पाहा, सगळा घोळ तिथंच होतो. स्पेनमध्ये द्रोगेरिया म्हणजे साबण, फिनाइल, रंग विकणारं दुकान. कोलंबियात तोच शब्द औषधाच्या दुकानाला. म्हणून 'ड्रगस्टोर' कोलंबियाला जमेल, स्पेनला साफ चूक. बोदेगा तर आणखी फसवा: मेक्सिकोत गोदाम, पेरूत आपल्यासारखं किराणा दुकान, स्पेनमध्ये बहुधा वाइनचं तळघर किंवा कारखाना. अर्जेंटिनातलं अल्मासेन किराण्याचं, स्पेनमधलं गोदामाचं. दुकानात काय विकलं जाते ते मजकुरात शोधा, मगच शब्द ठरवा.

उत्तर, अचलपूर:
स्पेनमधल्या एस्तांकोला 'टोबॅकोनिस्ट' लिहा. आपला पानठेला डोळ्यांसमोर आणू नका. ते सरकारी परवान्याचं दुकान, तिथं टपाल तिकिटंही मिळतात. लिब्रेरिया म्हणजे 'बुकशॉप'. वाचनालयाला बिब्लियोतेका म्हणतात.

प्रश्नकर्ता:
आणि आबार्रोतेस? मजकूर मेक्सिकोतल्या खेड्याचा आहे.

उत्तर, पुसद:
किराणा. ब्रिटिश वाचकाला 'व्हिलेज शॉप'. अमेरिकन वाचकासाठी 'स्मॉल ग्रोसरी' लिहा. नुसत्या 'ग्रोसरी स्टोर'नं त्याला मोठं सुपरमार्केट दिसते. फेर्रेतेरियाचा त्रास नाही, ते सरळ 'हार्डवेअर स्टोर'.