“पंचेचाळिशीनंतर आचारी होऊ नका” म्हणे!

भाकरीवाली_लातूर
काल एका साहेबांची पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरत होती. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी हॉटेल-केटरिंगच्या भानगडीत पडू नये, हे तरण्या पोरांचं काम, चार पाहुण्यांनी ‘वा वा’ केलं म्हणून कुणी आचारी होत नसतं, असा एकूण सूर. खाली लाइकच्या अंगठ्यांचा खच. डोकं तडकलं म्हणून लिहायलेय.

साहेब, एकदा लातूरच्या ट्यूशन एरियात या. नीटची तयारी करणारी बाहेरगावची एवढी पोरं दोन वेळ जेवतात कुठं? गल्लीबोळातल्या मेस चालवणाऱ्या बायकांची वयं विचारा. कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, कुणाचं सोयाबीन सलग हातचं गेलेलं. मीही त्यातलीच. सेहेचाळीस पूर्ण झाल्यावर डबे सुरू केले, आज हाताखाली दोघी आहेत आणि पोराची फी मी भरते. घरात आयुष्यभर रांधलं ते अनुभवात धरायचं नाही, आणि तुमच्या भाच्यानं सहा महिन्यांचा कोर्स केला की तो शेफ. वा रे न्याय!

भट्टीवाला_बीड
ताई, राग कळला. पण साहेब खोटं काय बोलले? मी लग्नाच्या भट्ट्या लावतो. हजार पानाचं जेवण म्हणजे पहाटे तीनला कढई चढते. भातानं भरलेलं पातेलं दोघांनी उचलून उतरवायचं, मे महिन्याचं ऊन, वर मंडपाचा पत्रा, खाली भट्टी. मागं एक गृहस्थ कंपनीतून रिटायरमेंट घेऊन हौसेनं शिकायला आले. दुसऱ्याच लग्नात बुंदी पाडताना भोवळ आली, झारा कढईत आणि तेल हातावर. त्यांच्या घरच्यांना तोंड मी दिलं. वीस-तीस डबे म्हणजे धंदा नव्हे, घरचाच स्वयंपाक जरा वाढवलेला.

नांदेडचा_पप्या
आता कुणीतरी केएफसीवाल्या आजोबांची, कर्नल सँडर्सची गोष्ट काढणार, बासष्टाव्या वर्षी म्हणे फ्रँचायझी दिली. त्याआधीच सांगतो, तो माणूस १९३० पासून पेट्रोल पंपावर लोकांना जेवू घालत होता. एका रात्रीत काही झालं नाही.

भाकरीवाली_लातूर
@पप्या, जन्म १८९० चा, म्हणजे सुरुवात केली तेव्हा चाळिशीचाच की! माझीच बाजू मांडलीस. धन्यवाद.
@भट्टीवाला, “घरचाच स्वयंपाक जरा वाढवलेला” हे वाक्य माझ्यासमोर येऊन बोला. दिवसाला किती पोळ्या लाटते ते मोजून जा.

हिशेबी_संभाजीनगर
दोघंही भावनेवर चाललात, कागद कुणी बघत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात आधी खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला वयाची अट ४५ होती, महिलेला पाच वर्षं सवलत. म्हणजे साहेबांची पोस्ट सरकारनं आधीच लिहून ठेवली होती! पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात मात्र १८ पूर्ण पाहिजे, वर मर्यादा नाही. महिलेला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान. बँकेचा मॅनेजर पांढरे केस बघून फाईल खाली सरकवतो, तो भाग वेगळा.
आणि मेसवाल्यांनो, घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरणं बंद करा. १९ किलोचं व्यावसायिक घ्या. आमच्या गल्लीत रोज बघतो, कुणाला काही पडलेलं नाही. फूड लायसन्स विचारलं तर “ते काय असतं?”

भाकरीवाली_लातूर
नोंदणी भिंतीवर लावलीय आणि सिलिंडर निळंच, व्यावसायिकच आहे. सगळ्यांना एका सुपात घालू नका.

परभणीकर_शीला
विषय निघालाच आहे तर सांगते. माझी आई पन्नाशीत शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. खिचडी, आमटी, वर भांडी. मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही दिवाळी उलटून गेल्यावर हातात. तिला कुणी म्हणालं नाही की बाई, वय झालं, हे तरण्यांचं काम. स्वस्तात मिळालं की वय चालतं, पैसे मागितले की गुडघे आठवतात.

भट्टीवाला_बीड
शीलाताईंचं खरं आहे, त्यात वाद नाही. पण लातूरच्या मेसचा विषय काढलाच आहे तर विचारतो, तुम्ही लोकांनी येसर आमटीचं काय करून ठेवलंय? बेसन लावून घट्ट केलेलं पिवळं पाणी! येसर म्हणजे धान्य, डाळ खमंग भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. बाजरीशिवाय ते येसरच नाही.

भाकरीवाली_लातूर
बाजरी?? बाजरीनं कडवट होतं. आमच्याकडं ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ. आणि बेसन केटररवाले लावतात, मेसवाल्या नाही.

नांदेडचा_पप्या
थोडे तांदूळ पाहिजेत. विषय संपला.

भट्टीवाला_बीड
तांदूळ! हा गडी लग्नात पनीर मागणाऱ्यांतला दिसतो.

नांदेडचा_पप्या
पनीर तुम्हीच ठेवता हो. मागच्या लग्नसराईत येसर आमटी शोधली तर “ऑर्डर नव्हती” म्हणाले. दोन पनीर, एक मंचुरियन, आणि वांग्याची भाजी पार कोपऱ्यात.

भट्टीवाला_बीड
गिऱ्हाईक मागतं ते करतो. शंभर जण पनीर मागतात, एक जण येसर. मी काय पदरचं घालू?

भाकरीवाली_लातूर
येसर जमणारे आचारी राहिलेत किती, ते सांगा ना. पोरांना ग्रेव्हीची पाकिटं फोडता येतात. धान्य भाजताना कुठं थांबायचं हे ज्यांच्या नाकाला कळतं, त्या सगळ्या माझ्या वयाच्या नाहीतर सासूबाईंच्या वयाच्या. त्यांना तुम्ही भट्टीपाशी फिरकू देत नाही, आणि वर वय काढता.

हिशेबी_संभाजीनगर
मूळ प्रश्न वयाचा होता, आठवण करून देतो.

परभणीकर_शीला
मग हे कशावर चाललंय?

भट्टीवाला_बीड
बरं बाई, जिंकलात. कढई उचलायला माझी पोरं आहेत, भाजायला नाक नाही, हे लिहून देतो. पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला लग्न आहे, वधूच्या आजीला येसरच पाहिजे, बेसनाचं चालत नाही म्हणते. बारा किलो पीठ लागेल. बघू तुमची पंचेचाळिशी.

भाकरीवाली_लातूर
सत्तेचाळीस. किलोचा दर इनबॉक्समध्ये पाठवते, निम्मे पैसे आधी. गाडीभाडं तुमचं. आणि बाजरी घालणार नाही.

भट्टीवाला_बीड
एक मूठ तरी घाला.

भाकरीवाली_लातूर
नाही.