इस्लामपूर्व यात्रा आणि आजचा हज: नेमके काय बदलले?

पानगळ:
मक्केतील काबा या पवित्र वास्तूची यात्रा मुहंमद पैगंबरांच्या आधीपासून अरबस्तानात चालू होती, असे इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळते. असे असेल तर इस्लामने त्या जुन्या यात्रेतले काय ठेवले आणि काय टाकून दिले? दुसरी शंका विधींविषयी आहे. सगळ्या छायाचित्रांत काबाभोवतीची गर्दी दिसते, त्यामुळे तेथील प्रदक्षिणा हाच हजचा गाभा असावा अशी माझी समजूत होती. परंतु जाणकार मात्र मक्केबाहेरील अराफातच्या मैदानावर भर देताना दिसतात. त्यामागचे कारण कोणी सांगू शकेल का?

जुनी वही:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मुस्लिम परंपरेचे स्वतःचे म्हणणे असे, की हज ही नवी यात्रा नसून इब्राहिम आणि त्यांचा मुलगा इस्माईल यांनी घालून दिलेल्या, पण पुढे मूर्तिपूजेने झाकोळलेल्या यात्रेची पुनःस्थापना आहे. इस्लामपूर्व काळात काबाची देखरेख कुरैश टोळीकडे होती, आत-बाहेर हुबलसारख्या देवतांच्या मूर्ती होत्या, यात्रेच्या महिन्यांत लढाया वर्ज्य असत आणि त्या आधाराने उकाझसारख्या जत्रांतून व्यापारही चाले.

बदल कसा झाला हे पाहायचे असेल, तर मूर्ती हटवण्याइतकाच आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कुरैश आणि त्यांचे निकटवर्ती स्वतःला 'हुम्स' म्हणवत. पवित्र क्षेत्राचे रखवालदार म्हणून त्यांना विशेष दर्जा होता, आणि बाकीचे यात्रेकरू अराफातला जात तेव्हा हे लोक क्षेत्राची हद्द न ओलांडता मुझदलिफा येथेच थांबत. बाहेरून आलेल्यांनी प्रदक्षिणेसाठी हुम्सांकडूनच वस्त्रे घ्यावीत, नाहीतर विवस्त्र प्रदक्षिणा घालावी, असाही रिवाज नोंदलेला आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील १९९व्या आयतीने, सर्व लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा केली. इ. स. ६३१ मध्ये अबू बक्र यांच्या नेतृत्वाखालील हजच्या वेळी विवस्त्र प्रदक्षिणेला बंदी घालण्यात आली, तसेच पुढच्या वर्षापासून मूर्तिपूजकांनी यात्रेला येऊ नये असे जाहीर झाले. आणि ६३२ च्या निरोपाच्या, म्हणजे पैगंबरांच्या अखेरच्या, हजमध्ये स्वतः कुरैशी असलेले पैगंबर सर्वांबरोबर अराफातला गेले.

याउलट सफा आणि मरवा या टेकड्यांमधील फेऱ्या कायम राहिल्या. तेथे पूर्वी मूर्ती असल्यामुळे काही मुस्लिमांना संकोच वाटत होता, पण त्या फेऱ्यांत दोष नाही असे कुराणानेच सांगितले. परंपरेनुसार हाजराने तान्ह्या इस्माईलसाठी पाण्याच्या शोधात याच टेकड्यांमध्ये धावाधाव केली आणि झमझमचा झरा फुटला. अधिक महिना घालण्याची पद्धतही त्याच काळात बंद झाली, म्हणून हज आज साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो.

वाटसरू:
दुसऱ्या शंकेचे उत्तर वेळापत्रकात आहे. यात्रेकरू एहरामच्या अवस्थेत, म्हणजे पुरुष न शिवलेल्या दोन पांढऱ्या वस्त्रांत आणि स्त्रिया अंगभर साध्या पोशाखात पण चेहऱ्यावर नकाब न घेता, जिलहिज्ज या इस्लामी महिन्याच्या ८ तारखेला मक्केजवळच्या मिना येथे पोहोचतात. या अवस्थेत केस वा नखे कापणे, शिकार करणे आणि सुगंध लावणे वर्ज्य असते. त्यामुळे साबणही बिनवासाचा निवडतात. ९ तारखेला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत अराफातला थांबायचे असते. तेथे ना प्रदक्षिणा, ना बळी. केवळ प्रार्थना, क्षमायाचना आणि उभे राहणे. रात्री मुझदलिफा येथे मुक्काम करून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे वेचतात, आणि १० तारखेला मिना येथे जमरात, म्हणजे सैतानाचे प्रतीक मानलेल्या तीन स्थानांपैकी मोठ्यावर सात खडे मारून, कुर्बानी करून, मुंडण करवून किंवा केस कापून एहराम सोडतात. मग मक्केत तवाफ, म्हणजे काबाला डावीकडे ठेवून सात प्रदक्षिणा, आणि सई, म्हणजे सफा-मरवामधील फेऱ्या. पुढील दोन-तीन दिवस तिन्ही जमरातवर खडे मारले जातात. गर्दीतील दुर्घटनांनंतर २००४ मध्ये तेथील खांबांच्या जागी लांब भिंती उभारण्यात आल्या.

आता मुख्य मुद्दा. खडे मारण्यासारखे कर्तव्य राहून गेले तर बळी देऊन त्याची भरपाई करता येते. हा तवाफ अनिवार्यच आहे, पण तो दुसऱ्या दिवशीही करता येतो. अराफातला मात्र ९ तारीख आणि त्यानंतरची रात्र एवढाच अवधी असतो. १० तारखेची पहाट उजाडण्यापूर्वी जो तेथे पोहोचला नाही, त्याचा त्या वर्षीचा हज हुकला. हज म्हणजे अराफात, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचनही हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या व आचाराच्या नोंदींत, आहे.

पानगळ:
दोघांचेही आभार. मग उमरा आणि मदिनेची भेट यांचे स्थान काय?

वाटसरू:
उमरा म्हणजे एहराम, तवाफ, सई आणि केस कापणे. अराफात त्यात नाही आणि तो वर्षभर केव्हाही करता येतो. आपण छायाचित्रांत पाहिलेली गर्दी अनेकदा उमऱ्याचीच असते. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीला बहुतेक यात्रेकरू जातात, परंतु ती भेट हजचा विधी नव्हे.

जुनी वही:
एक पुरवणी. हज फक्त ज्याला तेथे पोहोचण्याचे सामर्थ्य आहे त्याच्यावरच बंधनकारक आहे, आणि या सामर्थ्याचा अर्थ काळानुसार बदलत गेला. अब्बासी काळात प्रश्न पाण्याचा होता. म्हणून खलिफा हारून अल-रशीदची पत्नी झुबैदा हिने कूफा ते मक्का या वाळवंटी मार्गावर विहिरी आणि हौद बांधवून घेतले, आणि तो मार्ग आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. वाफेच्या जहाजांनी प्रवास सोपा केला, पण रोगही त्याच वेगाने पसरू लागले. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ आली, पुढच्याच वर्षी त्यावर इस्तंबूलमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि यात्रेकरूंना विलगीकरणात ठेवण्याचे नियम कडक झाले. १९०८ मध्ये दमास्कसहून मदिनेपर्यंत रेल्वे पोहोचली, तरी पहिल्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली. आता अडचण अंतराची नसून जागेची आहे: २०१२ मध्ये ३१ लाखांहून अधिक लोक आले होते, आणि प्रत्येक देशाला साधारणपणे दर हजार मुस्लिमांमागे एक या प्रमाणात कोटा मिळतो. त्यामुळे पैसा आणि प्रकृती असूनही परवान्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. आणि परवाना मिळेपर्यंत अशा माणसावर हज बंधनकारक ठरतो की नाही, याची चर्चा आधुनिक फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, होते.