मदत हवी आहे: पहिली बारा बोअर (छर्ऱ्याची बंदूक), बजेट 45 हजार. आप्पांची जुनी दुनळी ठेवू की नवी घेऊ?

वारणाकाठचा:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आजच आली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शिराळा तालुक्यात, पश्चिमेच्या अंगाला आमची साडेचार एकर जमीन. दीड एकर भात, थोडा भुईमूग, बाकी ऊस. वस्ती गावापासून लांब, रात्री हाक मारली तर ऐकायला फक्त नदी. यंदा रानडुकरांनी भुईमुगाचं वाटोळं केलं. सकाळी गेलो तर वेल उलथे पडलेले आणि टरफलं अशी सोलून टाकलेली, की कुणी निवांत बसून शेंगा खाल्ल्यात असं वाटावं. गवा महिन्यातून एकदा-दोनदा बांधावर असतोच, त्याला हात जोडायचे आणि आपण दुसऱ्या वाटेनं जायचं. पलीकडच्या वस्तीवरनं बिबट्यानं दोन शेळ्या नेल्या, तेव्हापासून घरातली बायकामाणसं अंधार पडला की दाराबाहेर येत नाहीत.

आप्पांकडे (वडील, वय 73) बंदुकीचा परवाना आहे. आजोबांची दुनळी 1991 मध्ये त्यांच्या नावावर झाली. आता त्यांचा खांदा धरतो, एका डोळ्यात मोतीबिंदू. सात-आठ वर्षांत बार काढलेला नाही. मागच्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, "तुझ्या नावावर करून घे आता, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

वापर सर्वसाधारणच. वस्तीची राखण, गरज पडली तर आवाज काढून जनावर हुसकायचं, आणि पुढंमागं डुकरांची परवानगी मिळालीच तर त्यासाठी. शिकारीचा शौक नाही, लग्नात बार काढायची हौस तर मुळीच नाही.

एका दुकानात चौकशी केली. दुकानदारानं आधी पंप ॲक्शन (पुढची मूठ मागं-पुढं ओढून नळीखालचं पुढचं काडतूस चढवायची) पुढं केली, "फौजी माल आहे" म्हणाला, किंमत ऐकून मी चहा न पिताच उठलो. मग साधी देशी डबल बार, म्हणजे दुनळी, दाखवली, ती बजेटात बसते. एकनळी आणखी स्वस्त. डोकं चालेना म्हणून इथं आलो.

आप्पांची बंदूक अशी आहे: बाहेरून दोन घोडे (चाप ओढला की आपटतात ते), नळ्या शेजारी-शेजारी, अक्षरं घासून गेलीत, त्यातलं बर्मिंगहॅम एवढंच लागतं. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी आहे. आजोबा सांगायचे, ही नक्षी खानदानी मालाची खूण. दिसायला खरंच देखणी आहे. तीच ठेवली तर पैसे वाचतील आणि घरातली वस्तू घरात राहील. काय करू?

माळरान_जत:

नक्षी वाचली आणि पुढचं वाचायचं थांबून आधी हे लिहितोय. भाऊ, त्या बंदुकीत काडतूस घालू नका. तपासून होईपर्यंत अजिबात नाही.

ती नुसती सजावट नव्हे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, लोखंडी दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून सांधलेल्या नळ्या आहेत त्या. डमास्कस म्हणतात. लाटा दिसतात ते त्या सांध्यांचे पदर. त्या काळी काळी दारू वापरायचे, तिचा दाब हळू चढतो. आजच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचं गणित वेगळं. त्यात शंभरेक वर्षांत सांध्यांमध्ये आतून गंज शिरला असेल तर बाहेरून काही कळत नाही. आणि फाटली तर कुठं फाटते? जिथं तुमचा डावा हात असतो तिथंच.

वारणाकाठचा:

अहो पण आप्पांनी तीच वापरली की इतकी वर्षं! खडकीच्या कारखान्याचीच काडतुसं असायची, शक्तिमान छापाची. काही झालं नाही कधी.

माळरान_जत:

तीस वर्षं बिनहेल्मेट गाडी चालवलेले काकाही प्रत्येक गावात असतात.

आणखी एक. त्या काळच्या इंग्लिश बंदुकांचं काडतुसाचं घर बहुतेक अडीच इंची असतं, म्हणजे 65 मिलिमीटर. आज दुकानात 70 चीही मिळतात. फसवी गोष्ट अशी की 70 चं काडतूस त्या घरात बिनबोभाट बसतं, बंदूक मिटतेसुद्धा. कारण 70 हे माप तोंड उलगडल्यानंतरचं. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. बार उडाला की दुमड उलगडायला जागा नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. "बसलं म्हणजे चालतं" हा हिशोब इथं चालत नाही.

कराडकर_काका:

सगळं खरं, पण पोराला नुसतं घाबरवू नका, वाट दाखवा. माझ्याकडे 1984 पासून परवाना आहे, दोन बंदुका झाल्या, म्हणून चार शब्द.

जुनी बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यायची. नळ्या सुट्या केल्या की बुडाशी खालून चपट्या भागावर ठसे दिसतात. ती बिनधुराच्या दारूला तपासून पास झाली होती का, घर किती लांबीचं, हे जाणकार त्यावरनं वाचतो. मग नळीतून उजेडाकडे बघायचं. आतून आरशासारखी हवी. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, आणि गोल सावली दिसली तर नळी तिथं फुगली आहे. नळ्या हुकाला टांगून बोटाच्या पेरानं टिचकी मारतात. घंटेसारखा नाद आला तर दोन्ही नळ्यांमधला जोड शाबूत, बदबद वाजली तर जोड सुटलाय. शेवटी पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटून, दस्ता धरून हलवायची. खुळखुळली तर बिजागरी झिजली. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कारागीर तुमच्यासमोर करतो. न करणाऱ्याकडे जाऊ नका.

नेताना आप्पांना बरोबर घ्या. तुमच्या नावावर परवाना नाही. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी परवानगीनं दुसऱ्यानं बंदूक नेलेली कायद्याला चालते. एकट्यानं मोटरसायकलला बांधून निघालात तर नाक्यावर अडकाल.

कृष्णामाई:

बंदूक कुठली हा नंतरचा प्रश्न आहे हो. आधी कागद. मी वकील नाही, पण माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीपायी सांगलीला इतक्या खेपा झाल्यात की आता लोक मलाच विचारतात.

2016 च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे. धारकाचं वय 70 झालं किंवा त्याच्याकडे हत्यार 25 वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. आप्पांचं दोन्हीत बसतं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं, म्हणजे भाऊ-बहीण असतील तर त्यांच्या सह्या. आमच्याकडे नणंदेची सही मिळायला एक दिवाळी गेली. भांडण नव्हतं, नुसताच आळस.

आप्पांच्या परवान्यावर युनिक आयडी नंबर आहे का ते आजच बघा. जुन्या परवान्यांना तो घेणं सक्तीचं झालं होतं आणि कित्येक म्हाताऱ्या माणसांना ते कुणी सांगितलंच नाही. नूतनीकरणाची तारीखही बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली, आधी तीन होती, त्यात लोक गोंधळतात. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं असा नियम केला. म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही ठेवायला वाव आहे, तिसरीला नाही.

रानवाटा:

तुम्ही चांदोलीच्या राखीव जंगलाजवळ आहात आणि कुणीच हे बोललं नाही, म्हणून मी. अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. वन्यजीव कायद्याचं कलम 34. त्याच पट्ट्यात आधीपासून परवाना असलेल्यांनी वन खात्याकडे नाव नोंदवणंही त्यातच येतं. कोयना आणि चांदोली मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा ही फाईल कुणी डोळे झाकून पुढं सरकवणार नाही. अर्ज करतानाच अंतराचं विचारून घ्या, नाहीतर पोलीस अहवाल होऊन गाडी तिथंच अडते.

डुकरांचं म्हणाल तर बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला कलम 11 खाली वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. गवा, बिबट्या, मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, त्यांच्याकडे नळी वळवायचीही नाही. छर्ऱ्यानं गवा मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी गवा दुसऱ्या दिवशी वैरणीला गेलेल्या कुणाच्या तरी अंगावर येतो. नुकसानीचा अर्ज मात्र त्याच दिवशी वनरक्षकाकडे टाका, पंचनामा मागा, फोटो काढा. शेंगांची टरफलं वेचून फेकू नका, तोच पुरावा.

पैसे हातात असतील तर माझं मत, आधी सौर कुंपण. वन खात्याकडे त्याच्या अनुदानाची चौकशी करा. घरच्या लाईटची तार मात्र बांधावर कुणी सोडू नये, त्यानं माणसं गेलीत.

वारणाकाठचा:

कुंपण भुईमुगाभोवती करणारच आहे. उसाला मात्र परवडत नाही.

युनिक आयडी आहे, आत्ता पुस्तक काढून बघितलं. वन खात्याकडे नोंदीचं आप्पांना आठवत नाही. अंतराचं विचारतो. समजा सगळं जुळलं आणि नवीच घ्यायची ठरली, तर एकनळी, दुनळी की पैसे साठवून पंप?

कराडकर_काका:

दुनळी. यावर मी भांडायला तयार आहे.

पंप वाईट नाही, आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्याची आहे. पण शेतावरच्या माणसाला सगळ्यात मोठा गुण कुठला? बंदूक रिकामी आहे हे दहा हातांवरून दिसणं. दुनळी मोडून हातावर टाकली की समोरच्याला नळ्यांतून आरपार आभाळ दिसतं. पंपात एखादं काडतूस नळीखाली राहून गेलं तर ते नवशिक्याला कळतच नाही. शिवाय चिखल, भाताचा कोंडा, दमट हवा. दुनळीत बिघडायला फारसं काही नसतं.

एकनळी स्वस्त, पण हलकी. हलक्या बंदुकीचा धक्का जास्त. पहिल्या दोन बारांत खांदा निळा झाला की माणूस पुढं चाप ओढतानाच डोळे मिटतो, आणि ती सवय जन्मभर जात नाही. तीन किलोच्या आसपासची घ्या.

देशी बनावटीची घ्यायला लाजू नका. परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसासाठी 1980 च्या दशकातच बंद झाली, तेव्हा बाजारात जी विलायती दिसते ती जुनीच, आणि भाव नावाचा. 45 हजारांत नावाला भुलून झिजलेली विलायती घेण्यापेक्षा नवी देशी, घर 70 चं, घोडे आत. दुकानात खांद्याला लावून बघा. डोळे मिटून उचला, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. नळ्यांमधली पट्टी सपाट आणि सरळ पुढं दिसली तर ती तुमची. मान वाकवावी लागली तर दुसरी मागा.

सगळे पैसे बंदुकीत घालू नका. भिंतीला बोल्ट मारलेली लोखंडी पेटी हवी आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

ऊसवाला_वाळवा:

काका, छर्ऱ्याचं पण सांगा की. आमच्याकडे सगळे एलजीच मागतात.

कराडकर_काका:

हं. काडतुसाचा नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, आणि एलजी, एसजी हे सगळ्यात जाड. बारीक छर्रा 35-40 मीटरच्या पुढं दमतो. एलजीचे मणी मोजकेच, पण चुकलेला मणी कितीतरी लांब जातो. आणि आपल्या रानात रात्री कोण असतं? लाईट रात्रीची, म्हणून पाणी पाजायला बांधाबांधावर माणसं. हंगामात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, त्यात लहान पोरं. उसात सळसळलं म्हणून बार टाकणाऱ्यानं बंदूक घेऊच नये. नुसता आवाज काढायचा असला तरी गोळी वर जाते ती कुठंतरी खाली येतेच. त्यासाठी पत्र्याचा डबा बरा.

वारणाकाठचा (अठरा दिवसांनी):

मंडळी, उशीर झाला, भाताची मळणी होती.

आप्पांना घेऊन कारागिराकडे जाऊन आलो. माळरान_जत, तुमचे उपकार. त्यानं ठसे वाचले: काळ्या दारूचीच, घर 65. डाव्या नळीत घराच्या पुढं वीतभर अंतरावर खड्डे. मला नळीतून बघायला लावलं, उजवी चकचकीत आणि डावी म्हणजे पावसाळ्यातली फरशी. टिचकी मारली तर उजव्या हाताला नाद, मग एकदम बद्द. आप्पा काहीच बोलले नाहीत. परत येताना गाडीत इस्लामपूर गेल्यावर म्हणाले, "तुझ्या आज्यानं हिच्यासाठी एक बैल इकला हुता."

ठरलं असं. वारस म्हणून अर्ज माझ्या नावानं, जुनी बंदूक बार न काढता घरात राहील. परवाना हातात आला की नवी देशी दुनळी, दुकानदाराकडची खांद्याला लावून बघितली, बसते. पुण्याच्या भावाची सही आली, ताईची रविवारी. अंतर मात्र 10 किलोमीटरच्या आतच निघालं, त्यामुळे वन खात्याची संमती येईपर्यंत थांबायचं आहे.

एक बारीक शंका. जुनीला आप्पा चाळीस वर्षं खोबरेल लावतात. चालू ठेवू का?

कराडकर_काका:

खोबरेल नको. थंडीत थिजतं, मग चिकट होऊन घोड्याच्या सांध्यात बसतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, सुती फडक्यावर दोन थेंब. लाकडाला जवसाचं, तेही बोटानं चोळून. आणि लावायला आप्पांनाच बसवा.