अनुभव धागा: जाताना सगळं नीट, परतीला घोळ

तिसरा_गिअर
ग्लोव्हबॉक्स आवरताना एका कॉन्सर्टचा मनगटपट्टा आणि फोमच्या इअरप्लगची चेपलेली डबी हाताला लागली. म्हटलं धागा काढूच. कामाचा दौरा असो, लांबची ड्राईव्ह असो की रात्रीची मैफल, तयारी सगळी जाण्याची होते आणि बोंब होते येताना. तेव्हा माणूस दमलेला, फोन मेलेला, बाहेर अंधार. किस्से पुष्कळ आहेत सगळ्यांकडे, ते राहू द्या. काय बिघडतं, का बिघडतं आणि काय करायचं तेवढं लिहा.

माझ्याकडून पुढची काच. तिला आतून एक धुरकट थर धरतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून जे काही उडतं ते काचेवर बसतं. दिवसा कळत नाही. रात्री समोरून दिवा आला की अख्खी काच पांढरी होते आणि आपण डोळे दमले म्हणून चोळत बसतो. ओल्या फडक्याने तो थर नुसता पसरतो. दोन मायक्रोफायबर घ्या, एक काचेच्या द्रवाने किंचित ओलं, एक कोरडं. फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर मारला की ओघळ खाली फटीत जातात. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. मग फराटा उरला तर कुठल्या बाजूचा ते लगेच समजतं.

आणि हेडलाईट वर-खाली करायचं चाक. डिकी भरली, मागे तिघं बसले की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत. 0 वरून 1 किंवा 2 वर न्या. आकडा वाढला की झोत खाली येतो, पुष्कळांना हे उलटं वाटतं.

रातवारा
झोप. पहिल्यांदा झोप लिहा, काच नंतर.
ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. तीन सेकंदांची डुलकी लागली की 83 मीटर गाडी कोणीही चालवत नव्हतं. खिडकी उघडणं, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी, हे सगळं काही मिनिटांपुरतं. उपाय दोनच, चालक बदला किंवा थांबून झोपा.
थांबलात तर कॉफी आधी प्या आणि लगेच सीट मागे टाका. कॅफिन चढायला 20-30 मिनिटं लागतात, तेवढ्यात 15-20 मिनिटांची झोप होते. गजर 20 चा लावा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की झोप गाढ होते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. उठलं की लगेच स्टार्टर मारू नका, गाडीभोवती चार फेऱ्या मारा.
रात्री 2 ते 6 हा पट्टा सगळ्यात वाईट. मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत, फाटा चुकतो, वेग विनाकारण कमी-जास्त होतो, ही खरी लक्षणं. जांभई त्या मानाने फार आधी सांगून येते.

काचेवरचं_धुकं
रातवारा +1. त्यात एक भर, एसीचं रिसर्क्युलेशन तासन् तास चालू ठेवू नका. चार माणसं, बंद काचा, तीच हवा, कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि सगळे पेंगतात. बोगद्यात किंवा धुरात तेवढ्यापुरतं लावा, मग बाहेरची हवा.
काचेवर वाफ धरली तरी तेच, बाहेरची हवा + एसी चालू + तापमान गरम + झोत पुढच्या काचेकडे. गरम हवेबरोबर एसी कशाला म्हणून लोक बंद करतात. अहो, एसीच तर हवेतलं पाणी काढतो.

खिडकीवाली_सीट
चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही हा नियम लिहायचा राहिला 😀

रातवारा
@खिडकीवाली_सीट ताई तो नियम नाही, ते पद आहे. पगार नसलेलं.

साऊंडचेक
डबी दिसली म्हणून इअरप्लगवर लिहितो. निम्मे लोक ते चुकीचे घालतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही.
फोमचा असेल तर बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, चुरगळू नका, घडी राहिली की तिथून आवाज शिरतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून आणून कानाचं वरचं टोक वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. आत सारा, 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवा. फोम आत फुलला की आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा येतो, तो बरोबर बसला. आरशात बघा, अर्ध्याहून जास्त बाहेर दिसत असेल तर परत घाला. हात आधी धुवा, फोम वळताना सगळी धूळ त्यालाच लागते.
फोम उंच सूर जास्त खातो म्हणून गाणं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं. गाणं नीट ऐकायचं असेल तर फिल्टरवाले घ्या, ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात.
हिशोब असा, 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन. 100 ला पोचेपर्यंत 15 मिनिटं उरतात आणि स्पीकरजवळ 100 सहज होतं. कापूस किंवा टिश्यूच्या बोळ्याने मनाची समजूत होते, तेवढंच.

परतीशी संबंध काय तर हा. कार्यक्रमानंतर कान काही तास बधिर असतात. सायरन, हॉर्न, टायरचा बदललेला आवाज, सगळं कमी ऐकू येतं. वर लोक गाडीतली गाणी आणखी मोठी करतात. त्या रात्री बंदच ठेवा.

मागच्या_रांगेतली
@साऊंडचेक उभं कुठे राहायचं ते सांगा ना. अगदी पुढे गेलं की गायकाचा आवाजच नीट येत नाही, फक्त ढोल.

साऊंडचेक
मिक्सिंगच्या टेबलाजवळ, त्याच्या जरा पुढे. आवाज जुळवणारा तिथे बसून जुळवतो, त्यामुळे तिथलंच सगळ्यात बरं. अगदी पुढे मुख्य स्पीकर डोक्यावरून जातात, तुम्हाला ऐकू येतो तो मंचावरचा आवाज आणि खाली ठेवलेले बेसचे डबे. फार मागे गेलात तर पडद्यावरचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आवाज सेकंदाला 340 मीटर, म्हणजे 100 मीटरवर जवळजवळ 0.3 सेकंद उशीर. मोठ्या मैदानात मधे जे स्पीकरचे मनोरे असतात त्यांना मुद्दाम तेवढा उशीर दिलेला असतो, नाहीतर सगळं दोनदा ऐकू येईल.

मागच्या_रांगेतली
🙏 आणि व्हिडिओत आवाज फाटतो त्याचं?

साऊंडचेक
माईकची पातळी हाताने कमी करता येणारं ॲप वापरा, सगळ्यात मोठ्या जागी काटा -12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. माईकच्या भोकावर बोट नाही ना तेही बघा, आडवा फोन धरताना नेमकं तिथेच जातं.

पान्हा_19
दौऱ्यावर चार दिवस गाडी उभी, मग परतीला थेट हायवे. टायर बघा.
हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी. तापमान 5-6 अंशांनी बदललं की साधारण 1 पीएसआय बदलतो. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, थंड झाल्यावर कमी भरेल. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो तोही वाचा. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा हा कमाल, तो भरायचा नसतो.
टायरचं वय: टायरवरच्या DOT अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

स्टेपनी बारीक असेल तर ताशी 80 च्या वर न्यायची नाही आणि तिला बहुतेक 60 पीएसआय लागतात. नेमकी हीच कोणी तपासत नाही. पंक्चर झाल्यावर डिकी उघडतात तर स्टेपनी बसलेली.

नवखा_चालक
पान्हा दादा, बदलायचा क्रम पण लिहा. व्हिडिओत सगळं दोन मिनिटांत होतं, इकडे नटच हलत नाही.

पान्हा_19
सपाट आणि कडक जागा. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. जॅक लावायच्या *आधी* नट अर्धा आटा सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. उचलल्यावर जोर लावलात की चाक फिरतं, वर गाडी जॅकवरून घसरायची भीती. पान्हा आडवा लावून वजन खाली टाका, ओढू नका, कंबर जाते.
नट निघाले तरी चाक निघत नाही, हा दुसरा घोळ. गंजाने हबला चिकटलेलं असतं. नट परत दोन-दोन आटे लावा, जॅक हळू खाली करून गाडीचं वजन चाकावर येऊ द्या, कट् आवाज येऊन सुटतं. गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी त्यावर टेकते.
नवीन चाक लावून नट चांदणीसारखे समोरासमोर आवळायचे, आधी हाताने, मग खाली टेकवून पान्ह्याने. 50-100 किमीनंतर परत एकदा आवळा.
चोरीविरोधी नट असतील तर त्यांची छोटी किल्ली कुठे आहे ते आज बघा. ती गाडीत नसेल तर वर लिहिलेलं सगळं वाया.

टूर_डायरी
कामाच्या दौऱ्याचं मुख्य बिघडतं ते बिलांचं हो! थर्मल कागदावर छापलेली असतात, उष्णतेनेच अक्षर उठतं आणि उष्णतेनेच सगळा कागद काळा पडतो. डॅशबोर्डवर ठेवू नका. प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात पण नको, मऊ पीव्हीसीमुळे अक्षरं उडतात. सॅनिटायझरचा हात नको. मिळाल्या मिळाल्या फोटो, आणि फोटोत तारीख, रक्कम, नाव तिन्ही वाचता येतंय ना बघा. मूळ कागद साध्या कागदी पाकिटात.
पॉवरबँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, केबिनमध्ये न्यायची. मर्यादा 100 वॅट-अवर. एमएएच ला 3.7 ने गुणून 1000 ने भागा, 20,000 ची 74 होते. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीला काढून घेऊ शकतात, म्हणून त्यावर पारदर्शक टेप लावून ठेवा.

इस्त्री_मोड
@टूर_डायरी शर्टाचं सांगा, बॅगेतून काढला की चुरगळलेलाच.

टूर_डायरी
वरची दोन आणि मधलं एक बटण लावा, कॉलरच्या आत मोज्यांची गुंडाळी ठेवा म्हणजे कॉलर चेपत नाही. बॅग अर्धी रिकामी असेल तर कपडे सरकतात आणि तिथेच सुरकुत्या पडतात, गच्च भरा. पोचल्यावर शर्ट न्हाणीघरात टांगून गरम पाणी 10 मिनिटं, मग ओल्या हाताने खाली ओढत सरळ करा. सुती जाड कापडाला एवढ्याने भागत नाही, त्याला इस्त्रीच.

ऑफलाईन_तिकीट
गर्दीत नेटवर्कच्या काड्या पूर्ण असतात पण डेटा हलत नाही, कारण टॉवर एक आणि फोन हजारो. तिकीट आधीच उतरवून घ्या, नुसता स्क्रीनशॉट चालेल असं धरू नका, काही ठिकाणी कोड दर थोड्या वेळाने बदलतो. भेटायची जागा आणि वेळ आत जातानाच ठरवा. निघताना मेसेजिंग ॲपपेक्षा साधा एसएमएस जायची शक्यता जास्त. सिग्नल शोधत फोन बॅटरी खातो, मधे फ्लाईट मोड.
गाडी लावली की खांबाच्या नंबरचा फोटो, आणि नाक बाहेरच्या दिशेला करून लावा. सगळे एकदम निघतात तेव्हा रिव्हर्स घेणं म्हणजे शिक्षा. बाहेर पडायला तासभर लागणारच असेल तर इंजिन चालू ठेवून रांगेत थांबण्यापेक्षा तेवढी झोप काढा, वर रातवारा यांनी लिहिलीय तशी.

नवखा_चालक
आणि दिवे चालू राहून बॅटरी बसली तर? 😅

पान्हा_19
दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न चिकटता. जंपर केबलची लाल वायर आपल्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळं चांगलीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती तिथे नको. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग आपली. काढताना उलट्या क्रमाने. नंतर निदान अर्धा तास बंद करू नका.

खिडकीवाली_सीट
विषयांतर, पण तो मनगटपट्टा निघतो कसा? कापडी आहे, प्लास्टिकचा मणी सरकत नाही.

साऊंडचेक
मण्याच्या आत एकाच दिशेचे दात असतात, ओढलं की घट्टच होतो. कात्रीने कापा. आठवण म्हणून ठेवायचा तर मण्याजवळ कापा म्हणजे छापलेला भाग अख्खा राहतो.

तिसरा_गिअर
कापला. आता डबीतले इअरप्लग वापरावेत का?

साऊंडचेक
एक वळून सोडा. मिनिटभरात मूळ आकारात आला तर ठीक. गाडीच्या उकाड्यात पडलेला फोम बहुतेक तसाच काडी राहतो.

तिसरा_गिअर
काडीच आहे अजून.