वाटेनशाइड बोखुममध्ये विलीन करणं बरोबर होतं का?

धागाकर्ता: जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या वाटेनशाइडला 1417 मध्ये नगराचे हक्क मिळाले. 1 जानेवारी 1975 ला ते शेजारच्या बोखुम शहराला जोडलं गेलं आणि आज तो बोखुमचा एक विभाग आहे. जेमतेम वर्षभर आधी, 1974 मध्ये, तिथली शेवटची कोळसा खाण 'होलांड' बंद पडली होती. (डच भांडवलातून उभी राहिली, म्हणून हे नाव.) आधी पोटावर पाय, मग नावावर. मला हा सरळ अन्याय वाटतो.

प्रतिसाद 1: दुःख समजतं, पण पटत नाही. खाणी संपल्यावर एवढ्याशा शहराने एकट्याने किती तग धरला असता? बोखुमकडे 1962 पासून ओपेलचा कारखाना होता, 1965 पासून विद्यापीठ. शिवाय 1926 मध्ये खुद्द वाटेनशाइडनेच हॉनट्रॉप, ग्युनिगफेल्ड, एपेनडोर्फ अशी गावं पोटात घेतली. त्यांचा हिशेब कोण मांडणार?

धागाकर्ता: 1926 चा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण गाव फक्त कोळशावर जगत नव्हतं. श्टाइलमानचा तयार कपड्यांचा मोठा धंदा तिथलाच. त्याच मालकाच्या पाठबळावर गावचा फुटबॉल संघ 1990 ते 1994 बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, खेळला, आणि तिथे बोखुमच्याच संघाविरुद्ध उतरला! विलीनीकरणाला पंधरा वर्षं उलटून गेल्यावर. असं गाव मेलेलं म्हणायचं?

प्रतिसाद 2: फुटबॉलपेक्षा पायाखालची जमीन बघा. जानेवारी 2000 मध्ये हॉनट्रॉपच्या वस्तीत जुन्या खाणीचा बुजवलेला खड्डा खचला आणि घरांशेजारची गॅरेजं जमिनीत गडप झाली. कोळसा गेला, पोकळी राहिली. असली जोखीम निस्तरायला मोठी महापालिकाच हवी. मी प्रतिसाद 1 च्या बाजूने.

प्रतिसाद 3: पण लोकांना विचारायला नको? गावं-शहरं एकमेकांत विलीन करणाऱ्या या पुनर्रचनेविरुद्ध 1974 मध्ये राज्यभर सह्यांची मोहीम झाली. 20 टक्के मतदारांच्या सह्या लागत होत्या, मिळाल्या 6 टक्क्यांच्या आसपास. ज्यांचं गाव जाणार नव्हतं, त्यांनी कशाला सही करावी? वाटेनशाइडचा निकाल सगळ्या राज्याच्या सह्यांवर लागला, हीच खरी गफलत.

प्रतिसाद 1: ही गफलत मलाही मान्य. विलीनीकरण तरीही योग्यच होतं, पण निदान त्या एका शहराचं मत वेगळं मोजायला हवं होतं.

धागाकर्ता: 2012 मध्ये गाड्यांच्या नंबर पाट्यांवर 'डब्ल्यू-ए-टी' ही वाटेनशाइडची जुनी अक्षरं घ्यायची मुभा परत मिळाली. सक्ती कुणावर नाही, बोखुमचं 'बी-ओ' आहेच. तरी सदतीस वर्षांनंतर लोकांनी जुनी अक्षरं मागून घेतली.