शब्दचर्चा: 'निदान' कुणाचं, डॉक्टरांचं की सिस्टरचं?

विचारणा
मी कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंग करते. केअर प्लॅनमधल्या 'नर्सिंग डायग्नोसिस'ला मराठीत 'शुश्रूषा निदान' म्हणू की 'परिचर्या निदान'? घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "निदान डॉक्टर करतात. तुम्ही कधीपासून करायला लागला?"

उत्तर
परिचर्या. आपली सिस्टर लोकांची नोंदणीच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, सरकारी पदही अधिपरिचारिका. 'शुश्रूषा'चा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. शब्द गोड आहे, पण त्यातला श आणि ष जागेवर ठेवणारी मुलगी मला अजून भेटायचीय.

बाबांचं निम्मं बरोबर. डॉक्टर 'न्यूमोनिया' लिहितात, तो रोग. त्याचा कोड आयसीडीत, म्हणजे रोगांच्या जागतिक यादीत, सापडतो. आपण लिहितो ती त्या माणसाची अडचण: कफ घट्ट, खोकायला ताकद नाही, म्हणून श्वासमार्ग मोकळा होत नाही. बाजूच्या खाटेवरचा न्यूमोनियावालाच असला तरी त्याची अडचण झोप नसण्याची असू शकते. या अडचणींना ठरलेली नावं असावीत म्हणून 1973 साली अमेरिकेत सेंट लुईसला परिषद भरली, त्यातून 1982 साली 'नांदा' ही संघटना झाली. (वॉर्डात ते नाव घेतलं की लग्नपत्रिका आठवते, त्याला इलाज नाही.)

आता 'निदान'. आयुर्वेदाच्या निदानपंचकात पहिलं 'निदान' म्हणजे रोगाचं कारण. आपल्या पीईएस साच्यातही अडचण, कारण, लक्षणं असा क्रम आहे. निदानाच्या वाक्यात 'रिलेटेड टू'च्या (म्हणजे 'कशामुळे'च्या) पुढे लिहितो ते कारणच. त्यामुळे हा शब्द आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त शोभतो, असं माझं मत. आणि "निदान दोन घास तरी खावा आबा" हेही दिवसातून दहादा आपणच म्हणतो.

पुरवणी, त्याच सिस्टरकडून
खरी अडचण 'रिस्क'ची, म्हणजे अजून झालं नाही पण होऊ शकतं अशा गोष्टीच्या निदानाची आहे. एका वॉर्डात मी हौसेनं खाटेच्या पाटीवर मराठीत लिहिलं, 'पडण्याचा धोका'. आबांची लेक डबा घेऊन आली, पाटी वाचली आणि डबा तसाच धरून उभी. "धोका म्हंजे? आबा जगत न्हाईत व्हय, सिस्टर?" तिला पहिला शब्द दिसलाच नव्हता. त्या दिवसापासून पाटीवर 'पडू शकतात, एकटं उठू देऊ नका'.

आणखी एक सिस्टर
फाईलमध्ये मात्र 'धोका'च ठेवा. 'शक्यता' लिहिलं की रात्रपाळीची मुलगी खाटेचा कठडा वर करायला विसरते.

विचारणारी
मग रिस्कच्या निदानात लक्षणं काय लिहू? आबा तर पडलेलेच नाहीत.

उत्तर
काहीच नाही. एरवी लक्षणं लिहितो त्या 'ॲज एव्हिडन्स्ड बाय'च्या (म्हणजे 'कशावरून'च्या) पुढे धोक्याची कारणं घाल: चक्कर, रात्री लघवीला उठणं, नवीन चालू झालेली बीपीची गोळी. आणि बाबांना म्हणावं, डॉक्टर राउंडला येऊन गेले की पुढचा दिवसभर खाटेजवळ कोण असतं ते एकदा येऊन बघा.