पुतळ्याच्या उडालेल्या टवक्यावर नेलपॉलिश नको

पुतळ्याच्या कोटाच्या कडेचा मुगाएवढा टवका उडालाय, तो कसा झाकायचा या प्रश्नाला कोणीतरी नेलपॉलिश लावायचा सल्ला दिलाय, तो कृपया मानू नका. त्यातल्या द्रावकाने आजूबाजूचा मूळ रंग मऊ पडून सुटतो आणि मॅट कोटावर चकाकणारा डाग कायमचा राहतो.

पुतळा पॉलिस्टोनचा आहे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी, म्हणून टवका उडाला की आत पांढरं दिसतं. नुसता रंग उडाला असेल तर पुट्टी भरायला नको. खड्डा असेल तर एमसीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, ओल्या बोटाने दाबून रात्रभर ठेवा. मग ६०० आणि नंतर १००० नंबरचा वॉटर पेपर (ओला चालणारा सँडपेपर) घासा, पाणी लावून, फक्त भरलेल्या जागेवर. आजूबाजूला मास्किंग टेप हवीच.

खरी कसोटी रंग जुळवण्याची. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावरून ठरवू नका. कागदावर ठिपका देऊन, पूर्ण वाळवून, खिडकीच्या उजेडात पुतळ्याशेजारी धरा. शून्य नंबरच्या ब्रशने तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये वीस मिनिटं. एकच जाड थर दिला तर कडेला उंचवटा राहतो.

शेवटी मॅट वार्निश ब्रशनेच लावा. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की स्प्रे मारला तर पांढुरकी झाक येते. पुतळ्याचं तुटलेलं बोट चिकटवायलाही फेविक्विकपेक्षा अराल्डाइट (दोन भाग मिसळायचा इपॉक्सी गोंद) बरं. फेविक्विकची वाफ सांध्याभोवती पांढरी बसते.